व्हिन्सेंट प्राइस प्रथमच पाहणाऱ्यांना कोणता भयपट दाखवावा? (मर्यादा : नव्वद मिनिटे)

रात्रपाळी
नमस्कार. येत्या शनिवारी रात्री माझ्याकडे पाच जण जमणार आहेत आणि चित्रपट निवडण्याची पाळी या वेळी माझी आहे. मला त्यांना भयपटांत गाजलेला नट व्हिन्सेंट प्राइस दाखवायचा आहे. पाचांपैकी चौघांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. पाचव्या गृहस्थांनी ऐकले आहे, परंतु जुने भयपट केवळ टिंगल करण्यासाठीच पाहावेत, असे त्यांचे ठाम मत आहे. त्यांचे हसणे बंद व्हावे, अशी माझी इच्छा नाही. जो चित्रपट स्वतःच्या भडकपणाची मजा जाणून आहे आणि तरीही आपले काम मन लावून करतो, असा एखादा चित्रपट त्यांनी पाहावा, एवढेच मला वाटते.

अडचण वेळेची आहे. एकीला बरोबर दीड तासानंतर कामावर निघावे लागते, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या आत बसणारा चित्रपटच हवा. रक्तपात बेताचा असावा. एका गृहस्थांना कमी ऐकू येते, म्हणून उपशीर्षके असलेली चांगली प्रत मिळणे आवश्यक आहे. शिवाय ही मंडळी चित्रपट सुरू असताना गप्प बसत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. माझा स्वतःचा कल 'द अबॉमिनेबल डॉक्टर फाइब्स'कडे आहे, पण तो 94 मिनिटांचा आहे. चार मिनिटांसाठी नियम मोडावा का, की दुसरे काही सुचवाल?

शेवटची_रांग
दुसरे काही सुचवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 'थिएटर ऑफ ब्लड' (1973) दाखवा. शेक्सपिअरची नाटके करणारा एक नट, समीक्षकांनी पारितोषिक नाकारले म्हणून, त्या समीक्षकांना एकेक करून शेक्सपिअरच्याच नाटकांतील मृत्युप्रसंगांप्रमाणे संपवतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. प्राइसला आयुष्यभर भयपटांचा नट म्हणून हिणवले गेले आणि येथे त्याला हॅम्लेटपासून रिचर्डपर्यंत सगळी भाषणे एकाच चित्रपटात म्हणायला मिळाली. सोबतीला डायना रिग आहे. मी हा चित्रपट अकरा वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी रॉबर्ट मॉर्ली आणि त्याच्या दोन लाडक्या कुत्र्यांचा प्रसंग येताच माझे हसणे आणि शहारणे एकदमच होते. चित्रपट 104 मिनिटांचा आहे. ज्यांना कामावर जायचे आहे त्यांनी रजा घ्यावी.

जुना_प्रोजेक्टर
धागाकर्तीने स्पष्ट लिहिलेली अट पहिल्याच प्रतिसादात मोडीत निघाली, याचे आश्चर्य वाटले नाही. शिवाय 'थिएटर ऑफ ब्लड'मध्ये शिरच्छेद आहे आणि काढलेले काळीजही आहे. 'रक्तपात बेताचा' याचा अर्थ काही वेगळा असावा.

माझे मत 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' (1959) या चित्रपटाला आहे. लांबी 75 मिनिटे. एक श्रीमंत गृहस्थ पाच अनोळखी माणसांना झपाटलेल्या घरात बोलावतो आणि सकाळपर्यंत टिकून राहणाऱ्या प्रत्येकाला दहा हजार डॉलर देऊ करतो, एवढेच कथानक आहे. पाहुण्यांना भेट म्हणून पिस्तुले दिली जातात आणि तीही चिमुकल्या शवपेट्यांत घालून. त्या शवपेट्या प्राइस ज्या सौजन्याने दाखवतो, ते पाहिले की यजमानपण आणि खुनशीपणा यांत फारसे अंतर नसते हे पटते. पत्नीशी चाललेले त्याचे बोलणे तर भुतांपेक्षा अधिक गार आहे. बाहेरून दिसणारे घर म्हणजे फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेले लॉस एंजेलिसमधील एनिस हाउस. आतल्या खोल्यांचा त्या घराशी काडीचाही संबंध नाही, आणि त्याबद्दल चित्रपटाला तिळमात्र संकोच वाटत नाही.

एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेत या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही, त्यामुळे तो कोणीही छापू शकतो आणि कोणीही छापतो. मी घेतलेल्या पहिल्या डिस्कवर सांगाडा कोणता आणि पडद्यावरचे ओरखडे कोणते हे ओळखता येत नव्हते. दुसऱ्या डिस्कवर चित्र बरे होते, पण आवाज अर्धा सेकंद मागून येत होता, त्यामुळे प्राइसचे ओठ मिटल्यावर त्याचे हसणे सुरू होई. तिसरी चांगली निघाली. प्रत आधी पाच मिनिटे चालवून पाहा आणि उपशीर्षके आहेत की नाहीत ते वेष्टनावर विश्वास न ठेवता तपासा.

मेणबत्ती
कोणीही 'हाउस ऑफ वॅक्स' (1953) याचे नाव घेतले नाही, हे वाचून खेद झाला. मोठ्या अमेरिकी स्टुडिओने काढलेला पहिला रंगीत त्रिमितीय चित्रपट तो हाच, आणि प्राइसला भयपटांच्या वाटेवर ज्याने आणून सोडले तोही हाच. लांबी 88 मिनिटे, म्हणजे अटीत बसतो. माझ्याकडे त्रिमितीय प्रक्षेपक, चांदीचा मुलामा असलेला पडदा आणि आठ चष्मे आहेत. दारात उभा राहून रबरी दोरीचा चेंडू प्रेक्षकांच्या दिशेने मारणारा तो माणूस जेव्हा थेट आपल्या नाकाशी येतो, तेव्हा मी अजूनही मान मागे घेतो. दिग्दर्शक आंद्रे दे तोत यांना एकच डोळा होता, त्यामुळे स्वतःच्या चित्रपटाची खोली त्यांना स्वतःला कधीच दिसली नाही. हा तपशील आपल्या पाहुण्यांना चित्रपट सुरू होण्यापूर्वी अवश्य सांगावा.

रात्रपाळी
मेणबत्ती, आपल्या संग्रहाचा हेवा वाटला. माझ्याकडे एक साधा दूरदर्शन संच आणि शून्य चष्मे आहेत. सपाट पडद्यावर तो चेंडूवाला माणूस पाहताना, हा इतका वेळ येथे काय करतो आहे, असाच प्रश्न पडेल, असे वाटते.

मेणबत्ती
खरे आहे. पण त्रिमितीय संच घेण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

संथ_वाचक
मूळ प्रश्नाकडे परत येऊ या. धागाकर्तीचा स्वतःचा कल योग्य आहे आणि तो का योग्य आहे हे थोडे सविस्तर लिहितो.

'डॉक्टर फाइब्स' 1971 मध्ये आला, तेव्हा प्राइसने साठी गाठली होती. आवाज हे त्याचे सर्वांत मोठे भांडवल. रेशमासारखा, किंचित उपरोधिक, शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर रेंगाळणारा तो आवाज रेडिओनेही मनसोक्त वापरला होता. आणि नेमक्या याच नटाला दिग्दर्शक रॉबर्ट फ्युस्ट यांनी अशी भूमिका दिली, की ज्यात त्याला तोंडच हलवता येत नाही. फाइब्सचा चेहरा अपघातात नष्ट झाला आहे. जो दिसतो तो त्याने स्वतः चिकटवलेला. बोलायचे झाले की तो मानेला एक तार जोडतो आणि आवाज यंत्रातून येतो. सुरुवातीची कित्येक मिनिटे तर एकही संवाद नाही: जमिनीतून वर येणारा ऑर्गन, त्यावर आवेशाने झुकलेला काळ्या झग्यातील माणूस, कळसूत्री वादकांचा ताफा आणि अवाक्षर न बोलणारी, नवनव्या पोशाखांत वावरणारी त्याची साहाय्यिका.

म्हणजे वाचिक अभिनय काढून घेतला, चेहराही काढून घेतला. उरले डोळे, मान आणि हात. प्राइस त्या हातांनी काय करतो ते पाहावे. पत्नीच्या मृत्यूला जबाबदार धरलेल्या एकेका डॉक्टरचा बळी गेल्यावर तो त्याच्या मेणाच्या पुतळ्याला ज्योत लावतो, तेव्हा बोटांची हालचाल एखाद्या जवाहिऱ्याची असते. मानेतल्या छिद्रातून मद्य पितो, तेव्हा कपाळावर एकही आठी न आणता असा पितो, की जणू काही सारे सभ्य लोक असेच पितात. चित्रपटातील प्रत्येक गोष्ट अतिरेकी आहे, बायबलमधील, ईजिप्तवर आलेल्या दहा अरिष्टांच्या धर्तीवर बेतलेले खून तर शब्दशः हास्यास्पद आहेत, परंतु मध्यभागी बसलेला माणूस मृत पत्नीसाठी खरोखर शोक करतो आहे. त्याने एकदा जरी प्रेक्षकांकडे पाहून 'मलाही हे कळते आहे' असे सुचवले असते, तर सारा डोलारा कोसळला असता. भडक चित्रपटात गंभीर राहणे हे गंभीर चित्रपटात गंभीर राहण्यापेक्षा अवघड असते, आणि त्यासाठी लागणारा आत्मविश्वास प्राइसपाशी होता.

पोलिसांची बाजू मात्र पूर्णपणे विनोदी आहे. पितळी एकशिंगी घोड्याचे मुंडके एका डॉक्टरच्या शरीरातून आरपार जाऊन भिंतीत रुतते, तेव्हा शिंगाला आटे असल्यामुळे त्या बिचाऱ्याला स्क्रूसारखे फिरवून बाहेर काढावे लागते. हे सारे अत्यंत शिस्तीने घडते. रक्त जवळजवळ दिसत नाही. एका खुनात ते काढून घेतले जाते खरे, पण नीट बाटल्यांत भरून मांडून ठेवलेले असते. चार मिनिटे जास्त होतात, तर अखेरची श्रेयनामावली पाहू नका.

शेवटची_रांग
श्रेयनामावली पाहू नका, हा सल्ला स्वीकारता येणार नाही. बाकी संथ_वाचक यांचे म्हणणे बहुतांशी मान्य आहे, परंतु एवढ्या सुंदर आवाजाच्या माणसाला मुका करून ठेवणारा चित्रपट त्याची पहिली ओळख म्हणून दाखवणे म्हणजे मल्लाची ओळख त्याचे हात बांधून करून देण्यासारखे आहे. म्हणून पुन्हा सांगतो, 'थिएटर ऑफ ब्लड'. त्यातील एका समीक्षिकेची भूमिका करणाऱ्या कोरल ब्राउन हिच्याशी प्राइसने पुढच्याच वर्षी लग्न केले. पडद्यावर त्याने तिला केस वाळवण्याच्या यंत्राखाली विजेचा झटका देऊन मारले होते. याहून मोठी शिफारस कोणती?

अर्धवट_पडदा
या इंग्रज नटांची ही संयमी शैली अमेरिकी नटांना कधीच जमली नाही.

जुना_प्रोजेक्टर
प्राइसचा जन्म 27 मे 1911 रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यात, सेंट लुइस येथे झाला. शिक्षण येल विद्यापीठात.

अर्धवट_पडदा
त्याचे उच्चार तर इंग्रजी वळणाचे आहेत. लंडनमध्येही तो शिकला होता, असे मी वाचले आहे.

जुना_प्रोजेक्टर
कोर्टोल्ड संस्थेत कलेतिहास शिकण्यासाठी तो लंडनला गेला होता आणि तेथेच रंगभूमीकडे वळला. लंडनमध्ये शिकल्याने माणूस इंग्रज होत नाही. मात्र चित्रकलेचा तो ध्यास त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. पूर्व लॉस एंजेलिसमधील एका महाविद्यालयाला त्याने आणि त्याच्या तेव्हाच्या पत्नीने आपल्या संग्रहातील कलाकृती दिल्या आणि आज तेथील संग्रहालय त्याच्याच नावाने ओळखले जाते. पाककृतींचे त्याचे पुस्तकही प्रसिद्ध आहे.

अर्धवट_पडदा
म्हणजे मी अगदीच चुकीचे बोललो नव्हतो.

पावसाळी_खेळ
मंडळी, 'द रेव्हन' (1963) कसा विसरलात? एडगर ॲलन पो याच्या कवितेशी नावापुरताच संबंध असलेला हा चित्रपट रॉजर कॉर्मन याने सरळसरळ विनोदी केला आहे. प्राइस, बोरिस कारलॉफ आणि पीटर लॉरी असे तीन मुरलेले नट एकमेकांवर जादूचे प्रयोग करतात. लॉरी बराच काळ कावळ्याच्या रूपात कुरकुर करतो आणि त्याचा मुलगा म्हणून एक बावळटसा तरुण वावरतो, तो म्हणजे जॅक निकल्सन. शेवटचे मांत्रिकांचे द्वंद्व तर लहान मुलांनाही आवडेल. लांबी 86 मिनिटे, रक्तपात नाही. आमच्याकडे हा चित्रपट लावला तेव्हा तीन पिढ्या एकत्र हसल्या होत्या. खरे तर पाचापैकी दोघेच जागे होते, पण ते हसले.

संथ_वाचक
'रेव्हन' उत्तम आहे, परंतु तो विडंबन आहे. ज्या पोपटांची विडंबने होत आहेत त्या मूळ चित्रपटांपैकी एकही न पाहिलेल्या माणसाला प्राइस हा मुळात विनोदी नट होता असे वाटेल. ('पोपट' हा टंकदोष आहे. मला 'पोपटांची' म्हणजे पो याच्या कथांवरील पटांची असे म्हणायचे होते. शब्द जमला आहे असे वाटल्याने तसाच ठेवतो.)

नवा_सभासद_४
मी 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' सुचवेन. हा चित्रपट 75 मिनिटांचा आहे, त्यामुळे वेळेत बसेल. शेवटी आम्लाच्या हौदातून जो सांगाडा बाहेर येतो, त्याच्या दोऱ्या प्राइसच ओढत असतो, हे कळते तेव्हा फार मजा येते. हा चित्रपट कोणी कसा सुचवला नाही?

जुना_प्रोजेक्टर
मी सुचवला होता, आणि दोऱ्यांचा उल्लेख जाणूनबुजून टाळला होता.

नवा_सभासद_४
क्षमस्व. प्रतिसाद मागून वाचले.

जुना_प्रोजेक्टर
आता रहस्य फुटलेच आहे, तर सांगून टाकतो, की ते दृश्य मुळात एकट्याने पाहण्यासाठी नव्हतेच. निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल याने काही चित्रपटगृहांत त्याच क्षणी प्रेक्षकांच्या डोक्यावरून तारेने एक सांगाडा फिरवण्याची व्यवस्था केली होती. त्याच वर्षी 'द टिंगलर' या चित्रपटासाठी त्याने आसनांखाली कंप पावणाऱ्या मोटरी बसवल्या. प्राइसच्या गंभीरपणाखेरीज या क्लृप्त्या बाजारू वाटल्या असत्या. तेव्हा कॅसलचा चित्रपट निवडायचाच असेल, तर 'हॉन्टेड हिल' घ्यावा. 'टिंगलर' मात्र कदापि नको. मोटरीशिवाय त्यात एक रबरी गोम आणि तिला बांधलेली दोरी एवढेच उरते. ती दोरी दिसतेही.

शेवटची_रांग
'टिंगलर'बद्दल सहमत आहे. या धाग्यावर प्रथमच.

मेणबत्ती
मीही सहमत. तो चित्रपट त्रिमितीयसुद्धा नाही.

संथ_वाचक
एका दृश्यापुरता मी या मताला छेद देतो. कृष्णधवल चित्रपटात न्हाणीघराच्या नळातून एकाएकी लाल रक्त वाहू लागते. त्यासाठी ते दृश्य रंगीत फितीवर चित्रित केले आणि सारी खोली करड्या रंगात रंगवून, अभिनेत्रीलाही करडी रंगभूषा केली. युक्ती साधी आहे आणि अजूनही अंगावर येते. तरी पहिली ओळख म्हणून मीही तो सुचवणार नाही. 'फाइब्स'च दाखवा.

रात्रपाळी
सर्वांचे आभार. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि निर्णय झाला आहे. शनिवारी 'द टिंगलर' दाखवते आहे.

आपण रागावण्यापूर्वी कारण सांगते. जुना_प्रोजेक्टर यांचा नकार वाचूनच मी तो पुन्हा काढून पाहिला. भीतीमुळे माणसाच्या पाठीच्या कण्यावर एक प्राणी वाढतो आणि किंचाळल्यानेच तो निष्प्रभ होतो, हा सिद्धान्त प्राइस प्रयोगशाळेत उभा राहून अशा चेहऱ्याने मांडतो, की शरीरशास्त्राच्या पुस्तकातील एखादे पान आपल्याकडून वाचायचे राहून गेले असावे, असे वाटते. पुढे तो प्राणी एका चित्रपटगृहात शिरतो, पडदा काळा होतो आणि अंधारातून केवळ प्राइसचा आवाज प्रेक्षकांना जीव वाचवण्यासाठी किंचाळायला सांगतो. माझी मंडळी चित्रपटभर बोलतात, ही माझी जुनी तक्रार आहे. ज्या चित्रपटाला प्रेक्षकांनी गप्प बसणेच मंजूर नाही, असा चित्रपट त्यांच्यासाठी दुसरा कोणता मिळणार? लांबी 82 मिनिटे आहे आणि उपशीर्षके तपासून घेतली आहेत. गोमेची दोरी मलाही दिसली. हसणाऱ्या गृहस्थांसाठी ती राहू देते.

शेवटची_रांग
आपण सल्ला कशासाठी मागितला होता, हे समजले नाही.

जुना_प्रोजेक्टर
माझा सल्ला अंशतः मानला गेला, असे मी समजतो.

रात्रपाळी
शनिवारचा वृत्तान्त कळवते, कारण दोघांनी संदेश पाठवून विचारले.

पहिली पंधरा मिनिटे हसणारे गृहस्थ अपेक्षेप्रमाणे हसत होते. प्राइस स्वतःवरच भीतीचा प्रयोग करण्यासाठी एलएसडी हे भास घडवणारे द्रव्य टोचून घेतो आणि एकटाच खोलीत भिंतींना घाबरतो, तेथे ते इतके हसले, की उपशीर्षके वाचणाऱ्या गृहस्थांनी त्यांना दटावले. त्यानंतर ऐकू न येणारी आणि बोलूही न शकणारी ती स्त्री आली, जिला किंचाळताच येत नाही आणि म्हणून भीतीतून सुटकाही नाही. तेथे खोलीत शांतता पसरली. रक्ताच्या नळाला कोणीही हसले नाही. कमी ऐकू येणारे गृहस्थ एवढेच म्हणाले, की हे त्यांना पटते. त्यावर काय बोलावे, हे आम्हाला कोणालाच सुचले नाही.

गोम आली तेव्हा दोरी सर्वांना दिसली आणि हसणे परत सुरू झाले, पण आता सगळेच हसत होते. पडदा काळा झाला, त्या क्षणी मात्र घोटाळा झाला. संच बंद पडला असे समजून कामावर जाणाऱ्या मैत्रिणीने उठून तारा हलवल्या, तेवढ्यात अंधारातून प्राइसचा आवाज आला आणि ती खरोखर किंचाळली. ती किंचाळल्यामुळे शेजारची किंचाळली. हसणारे गृहस्थ किंचाळले नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

मैत्रीण वेळेवर निघाली. गृहस्थांनी जाताना विचारले, की या माणसाचा आणखी कोणता चित्रपट आहे, ज्यात तो इतकाच शांतपणे वेडेपणा करतो. मी त्यांना 94 मिनिटांचा एक असल्याचे सांगितले आहे.

शेवटची_रांग
104 मिनिटांचाही एक आहे.